समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

वीसएक वर्षांपूर्वी, वकिलीची सनद हाती येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या महार वतनाच्या जमिनीची फाईल आमच्याकडे आली. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. जमीन कोणी, कोणाकडून, किती रुपयांना घेतली, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी होती की नव्हती, हा त्या फाईलचा विषय. तो आज बाजूला ठेवू. आज आठवतो तो त्या वस्तीतला एक पोरगा. आयटीआयमधून वेल्डर झालेला, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरणारा. बापाच्या जमिनीपासून हाकेच्या अंतरावर चक्की उभी राहिली आणि पोरगा तिथे कामाला लागला. वॉचमन म्हणून! वेल्डिंग करणारे, क्रेन चालवणारे, नट आवळणारे सगळे बाहेरून आलेले. आम्ही ठेकेदाराच्या माणसाला जाब विचारला, तर तो हसत म्हणाला, "वकीलसाहेब, लोकल माणसाला काम दिलंय की!"

हे "लोकल माणसाला काम" आता पुन्हा ऐकू येऊ लागले आहे, आणि या वेळी ते समुद्रावरून येत आहे. भारत सरकारने २०१५ साली समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१८ साली घोषणा झाली की २०२२ पर्यंत ५ गिगावॅट आणि २०३० पर्यंत ३० गिगावॅट वीज समुद्रातल्या वाऱ्यापासून मिळवू. २०२२ उजाडले आणि मावळले, समुद्रात एकही चक्की उभी राहिली नाही. २०२३ साली समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम आले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यापुढे प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प उभारताना येणारी तूट भरून काढायला, आणि ६०० कोटी दोन बंदरे सुधारायला. गुजरातच्या ५०० मेगावॅटची निविदा २०२४ मध्ये निघाली, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली, आणि २०२५ मध्ये ती रद्द करण्यात आली. खासगी भांडवलदारांना सरकारी अनुदान देऊ केले तरी ते पुढे आले नाहीत.

का आले नाहीत? अनेक कारणांपैकी एक मोठे कारण असे की, समुद्रात चक्की उभी करायला जे सामान, जी जहाजे, जी बंदरे आणि जे हात लागतात ते या देशात एका माळेत ओवलेले नाहीत. त्या माळेलाच हल्ली पुरवठा साखळी म्हणतात. आता सगळे तज्ज्ञ एका सुरात सांगत आहेत की आधी देशी पुरवठा साखळी उभारा. आम्हीही तेच म्हणतो. फक्त "देशी" हा शब्द ऐकला की आमच्यासारख्यांना पुढचा प्रश्न विचारायची सवय लागली आहे, देशी म्हणजे देशातले कोण?

आधी या साखळीत काय काय येते ते पाहू, कारण आमच्या चळवळीतल्या कित्येकांना हा विषय दूरचा वाटतो. जमिनीवरची चक्की साधारण दोन ते पाच मेगावॅटची असते. समुद्रातली आता पंधरा मेगावॅटच्याही पुढे गेली आहे आणि तिचे एकेक पाते शंभर मीटरहून लांब असते. एवढे पाते कोणत्याही घाटातून, कोणत्याही पुलाखालून नेता येत नाही. म्हणून पाते बनवणारा कारखाना बंदराच्या धक्क्यालाच असावा लागतो, आणि तो धक्का शेकडो टनांचे ओझे पेलणारा असावा लागतो. चक्कीखाली समुद्रतळात रोवायचा पाया म्हणजे एक तर हजार टनांहून जड पोलादी नळा, नाही तर जाड नळ्या वेल्ड करून बांधलेला चारपायी सांगाडा, ज्याला जॅकेट म्हणतात. ते उभे करायला स्वतःचे पाय समुद्रतळावर टेकवून वर उचलले जाणारे खास जहाज लागते. मग समुद्रतळावरून किनाऱ्यापर्यंत येणारी केबल, समुद्रातले वीज उपकेंद्र, आणि पंचवीस वर्षे रोज बोटीने जाऊन देखभाल करणारी माणसे. यात यंत्रशास्त्रातले पदवीधर मूठभर. बाकी सगळे वेल्डर, फिटर, रंगारी, रिगर, क्रेनवाले, केबल जोडणारे, खलाशी. म्हणजे आपल्या वस्त्यांतली आयटीआय झालेली पोरे ज्या कामासाठी वणवण फिरतात, नेमके तेच काम.

देशाकडे यातले काही नाही असेही नाही. जमिनीवरच्या चक्क्यांची क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॅटच्या पुढे गेली आणि त्यांचे ७० ते ८० टक्के सामान देशात बनते, असे सरकारच सांगते. आणि समुद्रात पोलादी पाय रोवायची विद्या तर आपल्या मुंबईला जुनी ओळखीची आहे. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागले. त्यानंतर ओएनजीसीसाठी समुद्रातले फलाट आणि त्यांची जॅकेट माझगाव डॉकने बांधून दिली. चक्कीचे जॅकेट त्याचेच भावंड आहे. नाही ते एवढेच: ती मोठी पाती, ते खास जहाज आणि जनित्रातले लोहचुंबक. हे चुंबक ज्या दुर्मिळ मृदा धातूंपासून बनतात त्यांच्या शुद्धीकरणावर चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि जगभरचे कारखानदार घामाघूम झाले. त्याच वर्षी भारत सरकारने देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, केली.

साखळी आपोआप उभी राहत नाही, हे समजून घ्यायला स्कॉटलंडमधला फाइफ हा किनारा पाहावा. एके काळचा हा कोळसा खाणींचा मुलूख. खाणी गेल्या, पण उत्तर समुद्रात तेल सापडले आणि मेथिल गावच्या यार्डात तेलाच्या फलाटांचे सांगाडे बनू लागले. आपल्या माझगाव डॉकसारखेच म्हणा. पुढे तेल ओसरले आणि वारा आला. लोकांना वाटले, चला, आता हाताला काम मिळेल. घडले उलटेच. किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, पंधराएक किलोमीटरवर, पवनप्रकल्प मंजूर झाला, पण त्याच्या जॅकेटांचे बहुतेक काम दूर इंडोनेशियाच्या यार्डाकडे चालले. कामगार संघटनांनी मोर्चे काढले. स्कॉटलंडच्या सरकारने यार्ड चालवणाऱ्या बायफॅब कंपनीत कोट्यवधी पौंड घातले, तरी २०२० च्या डिसेंबरात तिने हात टेकले. यार्ड दुसऱ्या कंपनीने घेतला, २०२४ मध्ये तीही बुडाली, आणि २०२५ मध्ये स्पेनच्या सरकारी मालकीच्या नावांतिया कंपनीच्या ब्रिटिश शाखेने तो ताब्यात घेतला. वारा स्कॉटलंडचा, समुद्र स्कॉटलंडचा, अनुदान ब्रिटिश वीजग्राहकाच्या खिशातून, आणि पोलाद जोडण्याची मजुरी भलतीकडे! कारण समुद्रतळ आणि वीजदर ठरवताना काम कुठे होईल याची अट कोणी पक्की बांधलीच नव्हती. त्याच ब्रिटनमध्ये हल नावाच्या बंदरात, जिथली मासेमारी बुडाली होती, २०१६ साली सीमेन्सने जुन्या गोदीत पात्यांचा कारखाना उघडला आणि हजारभर लोकांना काम मिळाले. तिथे कंपनी आणि बंदर दोघांनी मिळून ३१ कोटी पौंड आधी गुंतवले होते.

पण समजा, अट घातली. समजा, सगळे देशातच बनले. तेवढ्याने आपला प्रश्न सुटतो काय? मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आम्हाला इथे आठवतो. गिरण्या देशीच होत्या, मालक देशी, सूत देशी, कामगारही देशी. आणि तरीही विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. भांडवलशाहीविरुद्ध लढणाऱ्यांनाही त्यांना सांगावे लागले की आधी ते दार उघडा. साखळी देशी होती, पण तिच्या कोणत्या कडीला कोणाचा हात लागावा हे जात ठरवत होती. आज धागा कोणी तोंडाने ओढत नाही. आज "अनुभव किती?", "ओळख कोणाची?", "सर्टिफिकेट कुठले?" असे विचारतात.

आता कायद्याकडे वळू, कारण तिथे आपल्या हाती काही आहे आणि ते आपण वापरत नाही.

पठारावरच्या जमिनीला सातबारा होता, त्यावर नावे होती, म्हणून ती नावे पुसण्याचे उद्योग झाले. समुद्राला सातबारा नाही. पण मालक आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २९७ स्पष्ट सांगतो की प्रादेशिक जलक्षेत्र, सागरमग्न भूखंड आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील भूमी, खनिजे व संपत्ती संघराज्याच्या ठायी निहित आहे. म्हणजे ही जनतेची मिळकत आहे. मालक भाडेपट्टा करून देतो तेव्हा अटी घालतो. आपण खोली भाड्याने देतानाही घालतो, मग सरकारने का घालू नये?

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. सौर ऊर्जेच्या राष्ट्रीय मोहिमेत सरकारने "सोलर सेल देशीच हवेत" अशी अट घातली होती. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ साली भारत हरला. सरकारी खरेदीला सूट असते हा आपला बचाव चालला नाही. निवाड्याचे मर्म असे की, सरकार विकत घेत होते वीज, आणि भेदभाव होत होता सेलमध्ये. सेल सरकार घेतच नव्हते, खासगी उत्पादक घेत होते. हा निवाडा आम्हाला आवडला नाही, पण त्यातला धडा कामाचा आहे. यंत्र जर सरकारी उपक्रमाने स्वतःच, सरकारी वापराच्या विजेसाठी विकत घेतले, तर देशी मालाची अट बऱ्याच भक्कम पायावर उभी राहते. सरकारलाही हे कळले, म्हणूनच २०१९ मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी १२ गिगावॅटची सौर योजना निघाली आणि तिच्यात देशी सेल-पॅनेल बंधनकारक झाले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिले समुद्री पवनप्रकल्प सार्वजनिक क्षेत्रानेच उभारावेत. खासगीवाल्यांनी पाठ फिरवलीच आहे. एनटीपीसी आणि ओएनजीसी यांनी २०२० मध्येच या कामासाठी सामंजस्य करार केला होता. एकीला वीज कळते, दुसरीला समुद्र. आणि हे म्हणताना आम्ही काही नवे सांगत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचा विषय होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी पहिलाच प्रश्न मालकीचा काढला, वीज खासगी हाती की राज्याच्या हाती. वीज स्वस्त आणि मुबलक नसेल तर औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरण नसेल तर दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी घटनेतच लिहून मागितले. जयंतीच्या दिवशी आपण हे भाषणात सांगतो. निविदा निघते त्या दिवशी मात्र कोणी सांगत नाही.

सार्वजनिक क्षेत्र म्हटले की आणखी एक कायदा जागा होतो. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक वाटा खरेदी केला पाहिजे. आज तो २५ टक्के आहे, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. समुद्रातून किनाऱ्यापर्यंत वीज आणण्याची यंत्रणा २०२४ च्या योजनेप्रमाणे पॉवरग्रिड उभारणार आहे, आणि पॉवरग्रिड केंद्रीय उपक्रम आहे. म्हणजे खासगी-सरकारी वाद बाजूला ठेवला तरी साखळीच्या या कडीला ४ टक्क्यांचा नियम लागू आहेच. मग अडते कुठे? त्याच धोरणात एक परंतुक आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत आले नाहीत, किंवा अटी आणि दर जुळले नाहीत, तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढावा! हीच ती पळवाट. वर्षानुवर्षे हा आकडा चार टक्क्यांच्या खूप खाली राहिला, आणि कोणालाही शिक्षा झाली नाही, कारण कागदावर कोणी नियम मोडलाच नव्हता. आपला उद्योजक निविदेला येत नाही, कारण निविदेत तीन वर्षांची उलाढाल आणि मागचा अनुभव मागतात. समुद्री पवनऊर्जेत मात्र देशात कोणाकडेच मागचा अनुभव नाही. सगळेच पहिलीत आहेत. अशी संधी पुन्हा लवकर येणार नाही. केबलचे ट्रे, पेंटिंग, लहान फॅब्रिकेशन, बोटींची देखभाल, सुरक्षा साहित्य अशा कामांचे तुकडे पाडून ते या वाट्यासाठी राखून ठेवा, आणि न भरलेला वाटा दुसऱ्याला न देता पुढच्या निविदेत ओढा, अशी मागणी आताच, नव्या निविदेचा मसुदा होण्याआधी करायला हवी. करार झाल्यावर अट घालता येत नाही, हे कोणताही ज्युनिअर वकील सांगेल.

आणि राहिला नोकरीचा प्रश्न. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की एक अपवाद आपण विसरूनच गेलो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ यातील कलम ३-क पाहा. प्रत्येक नामनिर्देशित व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्याच पाहिजेत, आणि त्यांची संख्या त्या राज्यातील लोकसंख्येकडे पाहून ठरते. मालक सरकारी असो की खासगी. वेल्डर हा नामनिर्देशित व्यवसाय आहे, फिटर आहे, इलेक्ट्रिशियन आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारकही आहे. पात्यांचा कारखाना, जॅकेटचे यार्ड, केबलचा कारखाना, सगळ्यांना हे लागू. साताऱ्याच्या त्या पोराला आम्ही तेव्हा हे सांगू शकलो नाही. खरे सांगायचे तर आम्हालाच माहीत नव्हते. वतनाचा कायदा पाठ होता, हा कायदा वाचलाच नव्हता.

बाबासाहेबांना मात्र हे दार १९४२ सालीच दिसले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी गव्हर्नर जनरलला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी मागितल्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीच्या जागाही मागितल्या. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाजाचा फारसा फायदा होणार नाही, असेही त्यात बजावले. आम्ही कायद्याचे पदवीधर हे वाचतो तेव्हा थोडे ओशाळतो, पण म्हणणे खरे आहे.

समुद्रावरच्या कामाला आणखी एक फाटक आहे. चक्कीवर चढण्याआधी जागतिक पवन संघटनेचे सुरक्षा प्रशिक्षण लागते: उंचीवरचे काम, आग, प्रथमोपचार, ओझे उचलणे, समुद्रात जीव वाचवणे. त्याची मुदत दोन वर्षे, पुन्हा उजळणी, पुन्हा पैसे. ज्याच्या घरात फी भरायला पैसे त्याला प्रमाणपत्र, आणि ज्याला प्रमाणपत्र त्यालाच काम. पुण्याची बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, चांगली गोष्ट आहे. पण दोनशे जागांसाठी लाखभर पोरे बसवण्यापेक्षा दोनशे वेल्डरांना पाण्याखालचे आणि जाड पोलादाचे वेल्डिंग आणि हे समुद्री प्रशिक्षण दिले, तर घरे लवकर उभी राहतील, असे आमचे मत आहे. कोणाला ते आवडणार नाही.

प्रकल्प गुजरात-तामिळनाडूत, मग महाराष्ट्राने का बोलावे, असे काही कार्यकर्ते विचारतील. सर्वेक्षणाचे पट्टे त्या दोनच राज्यांपुढे आखले आहेत हे खरे. पण जॅकेट बांधणारा डॉक मुंबईत आहे, यंत्रभाग बनवणारे कारखाने पुणे-चाकणला आहेत, आणि खंभातच्या आखातापर्यंत जाणारी आगगाडी आपल्याच स्टेशनातून सुटते. त्याच आखाताच्या तोंडाशी जाफराबादचे मच्छीमार डोलीची जाळी खुंट्याला बांधून बोंबील धरतात. चक्क्यांची रांग त्यांच्या जाळ्याच्या वाटेत आली तर भरपाई कोणत्या कागदावर मिळणार? त्यांच्याकडेही सातबारा नाही. देखभालीच्या बोटी आणि त्यांवरचे तांडेल-खलाशी याच गावांतून घ्यावेत, हे भाडेपट्ट्यातच लिहिले गेले पाहिजे. कोळी आणि खारवी बांधवांच्या संघटनांशी आपल्या संघटनांनी आधी बोलून घ्यावे. नंतर बोलले की ते आपल्याला कंपनीचे दलाल समजतील.

सध्या करण्यासारखे काम छोटे आहे. आम्ही माहिती अधिकाराच्या अर्जाचे दोन मसुदे तयार केले आहेत. एक पॉवरग्रिडकडे: मागील पाच वर्षांत ४ टक्क्यांच्या वाट्यापैकी प्रत्यक्ष किती खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून झाली, आणि किती "इतरांकडून भरून काढली". दुसरा शिकाऊ उमेदवारांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे: पवनचक्क्यांचे सामान बनवणाऱ्या आस्थापनांत कलम ३-क खाली किती जागा राखीव होत्या आणि त्यांवर कोण शिकले. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ज्या शाखेला मसुदे हवे असतील तिने या दैनिकाच्या कार्यालयातून घेऊन जावेत, आणि आलेली उत्तरे, नकाराचीसुद्धा, आमच्याकडे पाठवावीत.